डबी उलटी करून पाहावी

मी, श्रीमती प्रमिलाबाई हिलाल पाटील, वय वर्षे बहात्तर, धंदा बत्तीस वर्षे अत्तराचे काम, सध्या घरी, राहणार डिंडोली, सुरत, मूळ तालुका पारोळे, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नाक त्याहून शाबूत आहे, पण त्याचा दाखला कोणी देत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला दोन जण येऊन गेले, त्यांची नावे पुढे यथास्थळी येतील.

वकीलबाई चांगल्या आहेत, पण त्याही म्हणाल्या, "मासी, गुजरातीत टाइप करून आणते, तुम्ही नुसता अंगूठो मारी दो." मी त्यांच्याच टेबलावरचे पेन उचलले. मग त्यांनी कोरे कागद दिले. मजकूर जास्त झाला असे त्या म्हणतात. माझे आयुष्यही जास्तच झाले आहे, त्याला इलाज नाही.

कलम १. सन २०१९ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही माझा एकुलता एक मुलगा भूपेंद्र याला दिले होते. ते एका पानात संपले, कारण तेव्हा माझे कोणाशी भांडण नव्हते. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्याची झेरॉक्स भूपेंद्रच्या कपाटात आहे, ती त्याने चुलीत घालावी. गॅस असला तरी घालावी.

कलम २. माझे पती कै. हिलाल पाटील यांनी लूमवर चौतीस वर्षे काढली. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. शेवटची बारा वर्षे आम्ही हातवाऱ्यांनी बोललो. पण मी संध्याकाळी कारखान्यातून आले की ते दारातच माझ्या पदराचा वास घ्यायचे आणि बोटांनी सांगायचे, आज मोगरा, आज केवडा, आज काहीतरी बिघडले. एकदाही चुकले नाहीत. माझ्या कामाची पारख जगात दोन माणसांना होती, एक कारखान्याचे मालक रसिकभाई शेठ आणि एक हे. दोघेही गेले, आणि मग बाकीच्यांना वाटले की आता म्हातारीला विचारतो कोण.

कलम ३. डिंडोली येथील सोसायटीतील घर क्रमांक ४७, खाली एक खोली, वर एक खोली आणि पत्र्याची मोरी, हे पतीच्या मागे माझ्या नावावर झाले आहे. ते मी मुलगा भूपेंद्र यास देते, परंतु कलम ९ मधील अट पाळली तरच. अट न वाचता कोणी चावी मागू नये. अट पाळली नाही तर हे घर माझी सून सौ. सुषमा हिच्या एकटीच्या नावाने व्हावे. मग भूपेंद्रने तिथे राहावे, पण तिला विचारून राहावे.

कलम ४. बँकेतील ठेव आणि गळ्यातली पोत सुषमाला. याविषयी मला कोणाशी चर्चा करायची नाही.

कलम ५. माझी अवजारे येणेप्रमाणे. पितळी काटा व त्याची सात वजने, लांब दांड्याचा चमचा, मलमलचे गाळण्याचे चार फडके आणि लोखंडी तवा. काटा आणि फडकी मंदाला द्यावी. मंदा कारखान्यात माझ्या शेजारच्या पाटावर एकोणीस वर्षे बसली. सगळ्या बायका खाली मान घालून होत्या तेव्हा माझ्याबरोबर कलम ६ मधल्या दुकानात आली ती एकटीच. चमचा आणि तवा सुषमाला. तवा घासून चकचकीत करू नये. तो काळाच राहू द्यावा, त्याचे कारण कलम ८ मध्ये आहे.

कलम ६. आता जी वस्तू माझी आहे पण माझ्याजवळ नाही, तिच्याविषयी.

पावडरची एक पत्र्याची डबी. उंची वीतभर, रंग काळा, वर सोनेरी काम. झाकणावर अर्धा सूर्य आणि त्याची अकरा सरळ किरणे, बाजूला पायऱ्या पायऱ्यांची नक्षी. माझी आजी अमळनेरला गिरणीच्या एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती. बाईसाहेबांनी तोंडाला लावायची पावडर संपल्यावर रिकामी डबी आजीला दिली. आजीने आईला दिली, आईने १९७३ साली लग्नात मला दिली. मधल्या काळात आमच्या घरी तिच्यात नागरमोथा, कपूरकचरी, गव्हला असे न्हाण्याचे सामान ठेवत. डबी उघडली की आधी जुन्या पावडरचा वास यायचा आणि मागून नागरमोथ्याचा. सूर्याचे सातवे किरण अर्धवट आहे, कारण भूपेंद्रने चार वर्षांचा असताना ते खिळ्याने खरवडले. त्याबद्दल मी त्याला मारले नव्हते. आता वाटते, मारायला हवे होते.

कतारगामच्या कारखान्यात रसिकभाई होते तोवर आम्ही अगरबत्तीचा सुगंध आणि लग्नाकार्याचे अत्तर करत होतो. माणूस कडक होता. पण नवा वास आवडला की सगळ्यांसमोर विचारायचे, "कोणे बनाव्युं?" आणि नाव लक्षात ठेवायचे. ते वारल्यावर त्यांचा मुलगा विराज परदेशातून शिकून आला. त्याला अत्तर हा शब्दच नको होता. त्याला हवे होते श्रीमंतांचे परफ्यूम, आणि तेही नव्वद वर्षांपूर्वीच्या एका चालीचे. त्याने लॅपटॉपवर मला चित्रे दाखवली. पायऱ्यांच्या खांद्यांच्या इमारती, गोल कोपऱ्यांचे बंगले, सिनेमाची थेटरे, दारांच्या जाळीत अर्धे सूर्य, सगळे काळे आणि सोनेरी. याला आर्ट डेको म्हणतात असे तो म्हणाला. "मासी, मला या काळाचा वास पाहिजे." त्याने बाहेरून मागवलेले तीन नमुने माझ्यासमोर ठेवले. एकाला ओल्या वर्तमानपत्राचा वास होता, एकाला दाताच्या दवाखान्याचा, आणि तिसऱ्याला कसलाच नव्हता.

इथे माझी चूक झाली. मी म्हटले, "विराजभाई, हा वास माझ्या घरी डबीत आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी स्वतः उघडून दिली.

दुसऱ्या दिवशी डबी नेली. त्याने झाकण काढले, नाक घातले आणि डोळे मिटून उभा राहिला. मग एवढेच म्हणाला, "आ ज छे." म्हणजे, हाच तो. पुढचे चार महिने मी तो वास डबीतून बाटलीत आणला. सत्तावीस वेळा फसला, अठ्ठाविसाव्या वेळी जमला. हे मोजायला मंदा साक्षी आहे. जमल्यावर विराजने डबी मागितली, फोटो काढायला, दोन दिवसांसाठी. माझ्या लेखी ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

सन २०२३ मध्ये परफ्यूम बाजारात आले. नाव ठेवले 'सिनेमा १९३२'. किंमत मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला ठसका लागेल. त्याच महिन्यात मला सांगण्यात आले की मासी, आता तुम्ही आराम करा. मी आणि मंदा विराजने त्यासाठी उघडलेले दुकान बघायला गेलो. आत एवढी थंडी की मंदाने पदर डोक्यावरून घेतला. एका मुलीने कागदाच्या पट्टीवर माझाच वास शिंपडून माझ्याच नाकाखाली धरला आणि विचारले, "आंटी, गिफ्ट के लिए?" बाटलीच्या झाकणावर अर्धा सूर्य, अकरा किरणे. सातवे अर्धवट. बाटलीबरोबर मिळणाऱ्या विराजच्या पुस्तिकेत छापले आहे की हे अपुरे किरण म्हणजे त्या काळातील कलावंतांची मुद्दाम मोडलेली रेषा होय. अरे, कसले कलावंत, तो माझा भूपेंद्र होता आणि हातात खिळा होता. चोरी करताना पोराची खोडीसुद्धा चोरली. पुस्तिकेत पुढे असेही आहे की हा सुगंध विराज यांच्या दोन वर्षांच्या संशोधनाचे फळ आहे.

आणि दुकानाच्या मधोमध, काचेच्या पेटीत, मखमलीवर, माझी डबी. शेजारी पाटी, 'संस्थापक कुटुंबाच्या संग्रहातून'.

मी मॅनेजरला म्हटले, ही माझी डबी आहे, जरा उलटी करून बघा. तो म्हणाला, "काचेला हात लावू नका." मी परत म्हटले. त्याने फोन लावला, फोनवर विराज होता, आणि दोन मिनिटांत आम्ही दोघी रस्त्यावर होतो.

तर ऐका. आमच्यात मुलीला दिलेल्या भांड्यावर नाव घालतात. लग्नाआधी आईने भांडी नाव घालणाऱ्याकडे नेली, तेव्हा ही डबीही नेली. तो म्हणाला, ही पत्र्याची आहे, पितळेची नाही. आई म्हणाली, घाल. डबीच्या बुडाला ठिपक्या ठिपक्यांत कोरले आहे, 'चि. सौ. कां. प्रमिला हिस आईकडून, १९७३'. सुरतच्या शेठांच्या घरी मराठीत कोणाची आई लिहीत होती, ते त्यांनी सांगावे. पेटीत डबी सूर्य वर करून ठेवली आहे. आजपर्यंत त्या दुकानातल्या एकाही माणसाला ती उलटी करून पाहावीशी वाटली नाही.

सदर डबी मी माझी नात कु. चंचल हिला देते. ती आज कोणाच्याही ताब्यात असो. चंचलला मराठी वाचताना अडखळायला होते, गुजराती फाडफाड येते. हरकत नाही. त्या दुकानात जाऊन गुजरातीतच भांडावे आणि डबी उलटी करावी. एवढे नाव वाचण्यापुरते मराठी मी तिला शिकवले आहे.

कलम ७. आता अंगठ्याविषयी.

मी कंपनीला अर्ज केला. शेजारच्या निंबा गुरुजींनी तो गुजरातीत करून दिला. मागणे दोनच होते, डबी परत द्या आणि पुस्तिकेत माझे नाव छापा. पैसे मागितले नव्हते. गुजरातीत तीन पानी उत्तर आले, तेही गुरुजींनीच वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की सदर बाई बाटल्या धुण्याचे काम करत असत, त्या निरक्षर आहेत, त्यांना मोजमाप व कृती लिहिता वा वाचता येणे शक्य नाही. पुरावा म्हणून बत्तीस वर्षांच्या हजेरीपत्रकाची पाने, आणि प्रत्येक पानावर माझा अंगठा.

तो अंगठा माझाच आहे, नाकारत नाही. १९९१ साली पहिल्या दिवशी आम्ही चाळीस बायका रांगेत होतो. मुनीमने स्टुलावर शाईचा पॅड ठेवलेला. मी पेन मागितले. तो म्हणाला, "बेन, लाइन रोकाई जशे." मागच्या बाया ढकलू लागल्या, म्हटले आजच्या दिवस देऊ. दुसऱ्या दिवशीही पॅडच होता. त्यातल्या निम्म्या बायका शिकलेल्या होत्या. मी पारोळ्याच्या शाळेत सातवी पास आहे, शुद्धलेखनात पहिली. पण एकीलाही वाटले नाही की हा अंगठा कोणीतरी जपून ठेवतो आहे. आम्हाला वाटले, अंगठ्याला काय, घरी जाऊन धुवायचा.

हे झाले परक्यांचे. परक्यांचा राग मला पुरवून पुरवून वापरता येतो. पण तिसऱ्या पानाखाली एक जबाब होता. 'माझ्या आईस अक्षरओळख नाही व तिने फक्त बाटल्या धुण्याचे काम केले, हे मी शपथेवर सांगतो.' खाली सही, भूपेंद्र हिलाल पाटील. तो त्याच कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात आहे. मीच लावला होता, रसिकभाईंना सांगून.

निंबा गुरुजी वाचता वाचता थांबले. मी म्हटले, गुरुजी, वाचा, मी ऐकते आहे.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारले, "काबर सही करी रे तू?"

तो बूट काढत होता. वर बघेना. "माय, नोकरी जाती मनी. नुसती सही तर शे."

सुषमा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "तुमले लिखनं वाचनं कोनी शिकाडं?" तो जेवला नाही. मीही वाढले नाही.

तिने विचारले ते खरे होते. भूपेंद्र अक्षर शिकला ते पाटीवर नाही. दुपारी हिलाल लूमवर असायचे, लाइट गेलेला असायचा, आणि मी त्याला मांडीवर घेऊन त्याच डबीच्या बुडावरच्या माझ्या नावावरून त्याचे बोट फिरवायचे. ठिपके बोटाला लागायचे. त्याने आयुष्यात वाचलेले पहिले अक्षर 'प्र' आहे. जोडाक्षर आधी शिकला आणि साधे नंतर, म्हणून शाळेत मास्तर हसले होते. त्या मुलाने शपथेवर लिहून दिले की आईला अक्षर येत नाही.

भूपेंद्र वाईट नाही. तो भित्रा आहे. वाईट माणसाशी मला भांडता आले असते.

कलम ८. कृती.

मला घरी बसवल्यापासून त्यांना 'सिनेमा १९३२' चा वास जमत नाही. गेल्या वर्षी माल परत आला. आधी भूपेंद्र कृती विचारायला आला आणि मग खुद्द विराज आला, पेढे घेऊन. दबाव आणायला आलेले ते हेच दोघे. विराज म्हणाला, मासी, तुम्ही कृती सांगा, आम्ही कारखान्यात तुमचा फोटो लावू, खाली लिहू 'आपणो जूनो परिवार'. मी विचारले, "बाटल्या धुणारीला कृती कशी माहीत असेल?" तो हसला. पेढे मी सोसायटीतल्या कुत्र्यांना घातले, त्यांनी खाल्ले.

विराजने मशीन मागवले, माणूस मागवला, कारखान्यात राहिलेल्या माझ्या वह्या चाळल्या. त्यातली मापे बरोबर आहेत. जे वहीत नाही ते असे. नागरमोथा कच्चा भिजवायचा नाही. काळ्या तव्यावर, मंद आचेवर, शेकायचा. रंग फिरला की उतरवायचा, करपला तर टाकून द्यायचा. आम्ही खान्देशातले लोक कच्चे काही वाटत नाही, मसाला असो की न्हाण्याचे सामान, आधी तव्यावर. ते माझ्या हाताला एवढे सवयीचे होते की वहीत लिहायचे सुचलेच नाही. सगळे समोर बसून बघत होते. म्हातारी काहीतरी भाजते आहे, असे त्यांना वाटले.

शेकलेला नागरमोथा सात चमचे, कपूरकचरी तीन, गव्हला एक, हे स्पिरिटमध्ये एकवीस दिवस, रोज एकदा हलवून. मलमलमधून दोनदा गाळावे, पिळू नये. त्यात पावडरच्या वासासाठी ओरिसच्या मुळीचा अर्क दोन चमचे, चंदनाचे तेल एक, आणि रोशा गवताचे तेल सुईच्या टोकावर राहील एवढेच. रोशा नंदुरबारकडचा घ्यावा. मग महिनाभर अंधारात.

ही कृती मी कोणा एकाला देत नाही. जो ऐकेल त्याने करावी, लावावी, विकावी. अट एकच, कोणी विचारले 'कोणे बनाव्युं' तर माझे नाव सांगावे. वकीलबाई म्हणाल्या, मासी, असे लिहिले तर गुपित राहणार नाही. मी म्हटले, गुपित ठेवून काय झाले ते तुम्ही वाचलेच आहे.

कलम ९. अट. माझ्या गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, भाऊबंद, सोसायटीतले लोक आणि कारखान्यातल्या ज्या बायका येतील त्या सगळ्या बसल्यावर, जेवणाची पाने मांडण्याआधी, भूपेंद्रने उभे राहून कलम ६, ७ व ८ मोठ्याने वाचावे. दुसऱ्या कोणी वाचलेले चालणार नाही. मध्ये गाळू नये. स्वतःच्या जबाबाची ओळ आली की ती वाचावी आणि पुढे, हे खोटे आहे, माझ्या आईला अक्षर येत होते व मला तिनेच शिकवले, असे म्हणावे. आवाज शेवटच्या बाईपर्यंत पोहोचला की नाही हे मंदाने सांगावे. मंदा हो म्हणाली तर घर त्याचे.

नोकरी जाईल असे त्याला वाटेल. जाऊ दे. कृती तोवर त्याच्याच तोंडून सगळ्यांना पाठ झालेली असेल, तवा घरात आहे, आणि सुषमाचे नाक चांगले आहे.

कलम १०. माझ्या देहावर 'सिनेमा १९३२' शिंपडू नये. त्या कंपनीकडून हार आला तर दारातूनच परत पाठवावा. मला नेताना पुढे हिलालांची टोपी ठेवावी. बाकी तुम्हाला वेळ असेल तसे करा.

कलम ११. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी निंबा गुरुजींना नेमते. त्यांना याबद्दल काही देता येत नाही. त्यांना चहात साखर कमी लागते हे सुषमाने लक्षात ठेवावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली, आणि मला तो मान्य आहे. नोंदणीच्या कचेरीत मशीनवर सगळ्यांचाच अंगठा घेतात, शेठलोकांचासुद्धा, तेव्हा तिथे मी तो देईन. या कागदावर मात्र वकीलबाईंनी सवयीने आखलेला अंगठ्याचा चौकोन मी रेघ मारून खोडला आहे.

स्थळ: डिंडोली, सुरत
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: प्रमिला हिलाल पाटील

आम्ही खाली सही करणारे, प्रमिलाबाईंना हे शेवटचे पान लिहिताना व सही करताना समक्ष पाहिले. त्यांनी सही करायला वेळ घेतला, कोणी घाई केली नाही.

साक्षीदार १: निंबा उखा महाजन, निवृत्त शिक्षक, डिंडोली (सही)
साक्षीदार २: छगन धर्मेंद्र सोनवणे, शेजारी, घर क्रमांक ४८ (सही)

गंधमुक्तीच्या दिवशी कलम ६, ७ व ८ सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले, याबद्दल भूपेंद्र हिलाल पाटील याची सही:

. . . . . . . . . . . . . . . . . . . .

(अंगठा चालणार नाही.)